वाचकांचे प्रश्न : एलईडी पथदिवे आणि रात्रीचे आकाश

रस्त्यांवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आल्यापासून आकाशनिरीक्षणाविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी दुर्बीण कोणती घ्यावी असे विचारले जाई. आता तारे का दिसत नाहीत असे विचारले जाते. या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : तालुक्याच्या आमच्या गावी गेली पंधरा वर्षे मी घराच्या गच्चीवरून विद्यार्थ्यांना तारे दाखवतो. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचे सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवण्यात आले. ठेकेदार म्हणतो, १५० वॅटच्या जागी ९० वॅटचे दिवे लावले आहेत, तेव्हा उजेड कमीच झाला आहे. प्रत्यक्षात मला आता कृत्तिकांचे सहा तारेही मोजता येत नाहीत आणि आकाश पांढुरके दिसते. ठेकेदार खोटे बोलतो आहे, की माझे डोळे अधू झाले आहेत?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

ठेकेदाराने आकडा खरा सांगितला आहे. मात्र तो विजेचा आकडा आहे, उजेडाचा नव्हे. 'साठचा बल्ब', 'शंभरचा बल्ब' असे म्हणत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यामुळे वॅट म्हणजे उजेड हे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. तारेच्या बल्बच्या काळात ते चालूनही जात असे, कारण सगळे बल्ब एकाच जातीचे होते. दिव्यातून बाहेर पडणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. १५० वॅटच्या उच्चदाब सोडियम दिव्यातून साधारण १५ हजार ल्युमेन निघतात, पण ते चहूबाजूंना निघतात, आणि फिटिंगमधल्या आरशावर आदळून बाहेर येईपर्यंत त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा आतच जिरतो. उरतात दहा हजारांच्या आसपास. आजचा बरा एलईडी पथदिवा एका वॅटमागे १२० ल्युमेन सहज देतो, तेही फिटिंगबाहेर, म्हणजे ९० वॅटमधून जवळजवळ अकरा हजार. विजेची ४० टक्के बचत झाली ती खरीच आहे, परंतु उजेड होता तिथेच राहिला, किंबहुना किंचित वाढला.

आता रंगाकडे वळू, कारण तुमच्या पांढुरक्या आकाशाचे मुख्य कारण तिथे आहे. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश बव्हंशी पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात, ५८९ नॅनोमीटरच्या आजूबाजूला पसरलेला असतो (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचे माप; आकडा लहान, तितका रंग निळ्याकडे). पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. तो निळा असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणाऱ्या चकतीवर पिवळ्या स्फुरदीप्त द्रव्याचा लेप देतात आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. या निळ्या चकतीच्या शोधासाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि घराघरांतील विजेची बचत पाहता ते योग्यच होते. लेप जितका पातळ, तितका निळा भाग जास्त आणि खोक्यावरचा केल्विनचा आकडा मोठा. 'कूल डेलाइट' म्हणून विकला जाणारा ६५०० केल्विनचा दिवा या मापाने अतिशय निळा असतो. दिवसा आकाश निळे दिसते ज्या कारणाने, त्याच कारणाने रात्री हा निळा भाग आपल्याला नडतो : हवेचे रेणू तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश विखुरतात, म्हणून ४५० नॅनोमीटरचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरला जातो. धूळ आणि बाष्प मात्र सगळे रंग साधारण सारखेच विखुरतात. त्यामुळे धुरकट हवेत पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांतला हा फरक पुसट होतो आणि पाऊस हवा धुऊन गेल्यानंतर, म्हणजे नेमका निरीक्षणाचा मोसम सुरू होताना, तो पुरेपूर जाणवतो.

शिवाय ल्युमेन हे मापही दिवसाच्या डोळ्याचे आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उजेडात आपण डोळ्यांतील शंकुपेशींनी पाहतो. त्यांची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, हिरवट पिवळ्या रंगाला, सर्वाधिक असते आणि ल्युमेनची व्याख्या तिच्यावरच आधारलेली आहे. अंधाराला सरावलेला डोळा दंडपेशींनी पाहतो आणि त्यांचा कल ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे असतो. सोडियमच्या एका ल्युमेनला अंधारातला डोळा ०.६ च्या आसपास किंमत देतो, तर ६५०० केल्विनच्या एलईडीच्या एका ल्युमेनला सुमारे २. मीटरवर दोन्ही दिवे समान भरले, तरी गच्चीवर पाऊण तास अंधारात बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिव्याने उजळलेले आकाश कितीतरी अधिक उजळ वाटते ते यामुळे.

दिव्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या सोडियम फिटिंगची काच फुगीर असे आणि तिच्यातून काही उजेड थेट वर जाई. एलईडीची काच सपाट असते आणि फिटिंग जमिनीला समांतर बसवले, तर क्षितिजाच्या वर जवळजवळ काहीच जात नाही. पण आपल्याकडे जुन्याच खांबांच्या जुन्याच तिरक्या आडव्या नळीवर नवे फिटिंग अडकवतात, तेव्हा ते मान वर करून बसते आणि हा फायदा हातचा जातो. क्षितिजाला लगटून जाणारा प्रकाश सर्वांत घातक, कारण तो हवेच्या खालच्या दाट थरांतून मैलोन्‌मैल प्रवास करतो. त्यातच डांबराच्या रस्त्याची जागा सिमेंट काँक्रीटने घेतली असेल, तर खाली पडलेला उजेडही पूर्वीपेक्षा दुप्पट-तिप्पट परावर्तित होतो.

डोळ्यांविषयी म्हणाल, तर वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग गढूळ होऊ लागते, तेव्हा तपासणी करून घ्यावी हे बरे. पण तुमच्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही सहा कृत्तिका मोजता येत नसतील, तर डोळे निर्दोष समजावेत.

प्रश्न : एलईडीचा प्रकाश हवा तिथेच टाकता येतो, हवा तेव्हा मंद करता येतो. मग त्याने प्रकाश-प्रदूषण वाढेल कसे? उपग्रहांच्या मोजणीत तर काही शहरे एलईडी बसवल्यावर अंधारलेली दिसतात असे वाचले.
— एक विद्युत अभियंता, पुणे

प्रश्नाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे, आणि दुसऱ्या भागातच एक मोठी गोम आहे. रात्रीची पृथ्वी मोजणाऱ्या 'सुओमी एनपीपी' उपग्रहावरील व्हीआयआयआरएस या उपकरणाला ५०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश दिसतच नाही. एलईडीचा ४५० नॅनोमीटरजवळचा निळा भाग नेमका त्या अदृश्य पट्ट्यात येतो. त्यामुळे एखाद्या शहराने सोडियम काढून पांढरे दिवे लावले की उपग्रहाच्या लेखी ते शहर मंदावते, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या लेखी मात्र नाही. इतके असूनही २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीचा कृत्रिम उजेडाखालचा भूभाग वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढल्याचे याच उपकरणाने नोंदवले होते. पुढे २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उपग्रह बाजूला ठेवून माणसांचे डोळेच वापरले गेले. २०११ ते २०२२ या काळात हौशी निरीक्षकांनी कळवलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे दिसले. या वेगाने, जन्माच्या वेळी जिथे २५० तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभर उरतात. यातल्या बहुतेक नोंदी युरोप व उत्तर अमेरिकेतल्या आहेत, हे ध्यानात ठेवून मगच तो आकडा आपल्याला लावावा.

तुमच्या पहिल्या मुद्द्याचा उत्तम दाखला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराचा आहे. जवळच किट पीक वेधशाळा असल्याने या शहरात १९७२ पासून दिव्यांचे नियम आहेत. २०१६-१७ मध्ये तिथे सुमारे अठरा हजार सोडियम दिवे बदलून ३००० केल्विनचे एलईडी बसवले गेले. पण त्यांनी तेवढाच उजेड विकत घेतला नाही. जुने दिवे गरजेपेक्षा जास्त प्रखर होते हे मान्य करून पथदिव्यांचा एकूण उजेड त्यांनी ६० टक्क्यांहून अधिक कमी केला, आणि मध्यरात्रीनंतर तो आणखी मंद करण्याची सोय ठेवली. नंतरच्या मोजणीत शहरावरील आकाशाची चमक सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली आढळली.

उजेड निम्म्याहून कमी झाला आणि आकाश जेमतेम ७ टक्के सुधारले, हे गणित जुळत नाही असे वाटेल. ते २०१९ मध्ये तिथेच केलेल्या एका सुंदर प्रयोगाने जुळले. काही रात्री मध्यरात्रीनंतर शहरभराचे पथदिवे ठरवून कमी-जास्त प्रखर करण्यात आले आणि वरून जाणाऱ्या उपग्रहाने किती फरक पडतो ते टिपले. शहरातून वर जाणाऱ्या प्रकाशात मंद केलेल्या पथदिव्यांचा वाटा निघाला अवघा १३ टक्के. उरलेला प्रकाश वाहनतळांचा, दुकानांचा, जाहिरातफलकांचा आणि मैदानांचा होता. आपल्या शहरांत असा प्रयोग झाला, तर वाटे वेगळे निघतील, परंतु बॉक्स क्रिकेटच्या टर्फवरचे फ्लडलाइट, मंगल कार्यालयांचे आकाशात फिरणारे झोत आणि चौकाचौकांतले एलईडी फलक पाहता एकट्या पथदिव्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही. तरीही सुरुवात पथदिव्यांपासून करावी असे माझे मत आहे, कारण ते सार्वजनिक पैशांतून लागतात आणि एका निविदेत हजारो दिव्यांचा निर्णय होतो. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाखाली १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी दिवे बसले. त्या कार्यक्रमाचा हिशेब युनिट आणि रुपये यांत मांडला गेला. आकाश हा रकाना त्यात नव्हता.

प्रश्न : माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. पूर्वी प्रकाश-प्रदूषण रोखणारा फिल्टर लावला की घराच्या बाल्कनीतूनही बरे दिसे. आता तो लावून काहीच फरक पडत नाही. फिल्टर खराब होतो का?
— एक आकाशनिरीक्षक, ठाणे

फिल्टर आहे तसाच आहे, दिवे बदलले. पाऱ्याच्या आणि सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश बराचसा ठरावीक रंगांच्या अरुंद रेषांत साठलेला असे. त्या रेषा अडवायच्या आणि बाकीचे जाऊ द्यायचे, एवढेच तुमचा फिल्टर करत होता. एलईडीचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला असल्याने त्याला अडवायचे म्हणजे ताऱ्यांनाही अडवायचे. तेजोमेघांपुरता, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांपुरता, मार्ग अजून उरला आहे : मृगातील मोठा तेजोमेघ किंवा ग्रहीय तेजोमेघ यांचा बराचसा प्रकाश ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटरच्या जोडरेषेत असतो, म्हणून फक्त तेवढीच खिडकी उघडी ठेवणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर आजही उपयोगी पडतो. देवयानीच्या दीर्घिकेसाठी किंवा तारकागुच्छांसाठी कोणताही फिल्टर विकत घेऊ नये, कारण त्यांचा प्रकाशही एलईडीसारखाच सलग असतो. तो पैसा प्रवासावर खर्च करावा. शहराची आकाशातली चमक अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट केले की ती पाचव्या हिश्श्याहूनही खाली येते. मुंबईकर हौशी मंडळी वर्षानुवर्षे कर्जत रेल्वेमार्गावरच्या वांगणीला का जात आली, याचे उत्तर याच नियमात आहे. उपनगरांचे दिवे कर्जतच्या दिशेने सरकत असल्याने तिथलेही अंतर आता पूर्वीचे राहिलेले नाही, हे वेगळे.

प्रश्न : रस्त्यावर भरपूर उजेड असला की रात्री कामावरून परतणाऱ्या मुली निर्धास्त असतात. चार हौशी लोकांना तारे दिसावेत म्हणून आम्ही अंधारात चालायचे का?
— एक परिचारिका, नाशिक

नाही. आणि जो तसे सांगेल, त्याचे ऐकूही नये. पण भरपूर उजेड आणि चांगला उजेड यांत फरक आहे. उघड्या, अतिप्रखर दिव्याने डोळे दिपतात, बाहुली आकसते आणि दोन खांबांमधला भाग किंवा झाडामागची सावली अधिकच काळी होते. तिथे उभा असलेला माणूस तुम्हाला दिसत नाही, तुम्ही मात्र त्याला लख्ख दिसता. चालणाऱ्याला हवा असतो तो सारखा पसरलेला, डोळ्यांत न घुसणारा उजेड, आणि तो देणारे झाकलेले दिवे आकाशालाही कमी त्रास देतात. गुन्ह्यांविषयीचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतींत २०१६ मध्ये जादा दिवे लावल्यावर रात्री घराबाहेर होणारे गुन्हे लक्षणीय घटले. उलट इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक प्रशासनांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पथदिवे मंद केल्याने किंवा रात्री काही तास बंद ठेवल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा आढळला नाही. माझ्या मते बसथांबा, रुग्णालयाचा रस्ता, रेल्वे स्थानकाची वाट इथे रात्रभर पूर्ण उजेड असावाच. रात्री दोन वाजता रिकाम्या औद्योगिक वसाहतीत जळणारे हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे प्रखर दिवे, मात्र कोणत्याही मुलीला घरी पोहोचवत नसतात.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात. पांढरे दिवे पिल्लांना त्रासदायक असतात का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

असतात. रात्री घरट्यातून निघालेली पिल्ले समुद्राकडची उजळ क्षितिजरेषा धरून चालतात आणि आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या-पांढऱ्या, प्रकाशाकडे ती विशेष ओढली जातात. ५६० नॅनोमीटरच्या वरचा अंबर किंवा तांबडा प्रकाश, तोही खाली तोंड केलेला आणि किनाऱ्याकडून झाकलेला, हा त्यातल्या त्यात निर्धोक. असे अंबर एलईडी मिळतात; त्यासाठी सोडियमकडे परतण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत नवे पथदिवे लागणार आहेत. निविदेत नेमके काय लिहून घ्यावे? पेंचमध्ये जे केले, ते खेडेगावाला झेपेल का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, नागपूर जिल्हा

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे, म्हणून आधी तेच पाहू. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये रात्रीचा अंधार जपण्यासाठी काम करणाऱ्या 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या संस्थेने डार्क स्काय पार्कचा दर्जा दिला. असा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे ठिकाण. लडाखमधील हान्ले इथे वेधशाळेच्या भोवती २०२२ मध्ये तिथल्या प्रशासनाने स्वतः अशीच राखीव अंधारभूमी घोषित केली होती, पण तिथे वस्ती विरळ आणि उंची साडेचार हजार मीटर. पेंचचे वैशिष्ट्य असे की तिथे सिल्लारी, पिपरिया, खापा अशा नांदत्या गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे लावले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. तेव्हा झेपेल का, याचे उत्तर तुमच्या शेजाऱ्यांनीच दिले आहे.

निविदेत वॅटचा आकडा असतोच. त्याच्या शेजारी फिटिंगबाहेर पडणाऱ्या ल्युमेनची कमाल मर्यादा लिहा, कारण किमान मर्यादाच लिहिली तर पुरवठादार 'जास्तच देतो' म्हणून उपकार केल्यासारखा उभा राहतो. रंग ३००० केल्विन किंवा त्याखालचा मागा. फ्रान्सने २०१८ च्या अखेरीस काढलेल्या आदेशात हीच कमाल मर्यादा ठेवली आहे. असा दिवा ६५०० केल्विनच्या दिव्यापेक्षा वॅटमागे थोडा कमी उजेड देतो, पण तो तोटा किरकोळ आहे. सर्वांत महत्त्वाची अट बसवण्याची आहे : फिटिंग जमिनीला समांतर असावे, आडवी नळी तिरकी असल्यास ती बदलण्याचा खर्च निविदेतच धरावा, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी पंचायतीच्या माणसाने प्रत्येक खांबाखाली उभे राहून खात्री करावी. रात्री अकरानंतर उजेड निम्मा करणारा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा दिव्यातला भाग, आता महागडा राहिलेला नाही. तो एकदा बसला की विजेचे बिलही दर महिन्याला तुमचीच बाजू मांडेल. गावच्या मंदिराच्या शिखरावर खालून मारलेल्या झोताचा प्रश्न निविदेत सुटणार नाही. तो ग्रामसभेत मांडावा, आणि जरा जपून.

प्रश्न : (सातारा जिल्ह्यातील त्याच शिक्षकांकडून) मीटर न घेता मुलांकडून आकाशाची मोजणी करून घेता येईल का?

कृत्तिका हेच तुमचे मीटर. आपल्या अक्षांशावर त्या जवळजवळ डोक्यावरून जातात, त्यामुळे क्षितिजाजवळच्या धुरळ्याचा अडथळा येत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास, चंद्र नसताना, मुलांना अर्धा तास मोबाइल न पाहता बसवावे आणि प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता तारे मोजावेत. ताऱ्याचे तेज 'प्रती'त मोजतात; प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा मंद. चारच दिसले, तर आकाश चौथ्या प्रतीच्या ताऱ्यांपाशी संपते. सहा स्पष्ट दिसले, तर ते ४.३ प्रतीपर्यंत पोहोचते. आणि सातवा दिसण्यासाठी पाचव्या प्रतीच्याही किंचित पलीकडे जावे लागते. दरवर्षी त्याच गच्चीवरून, त्याच पंधरवड्यात मोजणी करा आणि तारीख, वेळ, हवेची स्थिती वहीत लिहून ठेवा. मोजणी चालू असताना गावाची वीज गेलीच, तर मुलांना खाली पाठवू नका. डोळे सरावू द्या, पुन्हा मोजा, आणि तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. आधीच्या आणि या आकड्यात जितके अंतर पडेल, तेवढा वाटा तुमच्या गावाच्या दिव्यांचा. बाकीचा शेजारच्या शहराचा.